यशवंतराव होळकर : पराक्रमाची शर्थ आणि फुटीची किंमत

(खर्डी, ता. शहापूर, जि. ठाणे येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आपल्या खर्डीवरून जाणाऱ्या महामार्गाला जुनी माणसे अजूनही 'आग्रा रोड' म्हणतात. कसारा घाट चढून इगतपुरी आणि नाशिक ओलांडले की हा रस्ता चांदवडला येतो. तेथे होळकरांचा रंगमहाल उभा आहे. पुढे मालेगाव, धुळे मागे टाकून, सातपुडा आणि नर्मदा पार करून तो माळव्यात शिरतो आणि होळकरांच्या इंदूरवरून आग्र्याला पोचतो. ही झाली एक दिशा. दुसऱ्या दिशेला, आपल्या पश्चिमेस, वसईचा किल्ला आहे. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात गणला जातो, पण त्यापूर्वी तो आपल्याच ठाणे जिल्ह्याचा होता. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी हजारो मावळ्यांचे रक्त सांडून तो पोर्तुगीजांच्या हातून सोडवला. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी चिमाजी अप्पांच्याच थोरल्या बंधूंचे नातू, दुसरे बाजीराव पेशवे, याच वसईत इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारणाऱ्या तहावर सही करून बसले.

या दोन तारखांमध्ये अवघ्या त्रेसष्ट वर्षांचे अंतर आहे. जेथे भगवा चढला तेथेच तो गहाण पडला. हे कसे घडले, हा आजच्या विषयाचा गाभा आहे. ज्या माणसाच्या भीतीने पेशवे वसईला पळाले आणि ज्या माणसाने पुढे वसईच्या तहाने आलेल्या त्याच इंग्रजी सत्तेला उत्तर हिंदुस्थानात घाम फोडला, तो माणूस एकच आहे. त्याचे नाव यशवंतराव होळकर.

नेपोलियनच्या युद्धांविषयी आपल्या मुलांना शाळेत शिकवले जाते. त्याचा घोडदळाचा सेनापती म्युरा, ब्ल्यूखर नावाचा सत्तरी ओलांडलेला प्रशियन घोडेस्वार, ही नावे इतिहासाच्या वाचकाला ठाऊक असतात. त्याच वर्षांत, त्याच वेल्स्ली बंधूंच्या सत्तेविरुद्ध, आपल्या मातीतला एक घोडेस्वार पुण्यापासून पंजाबातील बियास नदीपर्यंत लढत होता, हे मात्र आपल्याला निराळे सांगावे लागते. ही आत्मविस्मृती दूर व्हावी हा या व्याख्यानाचा एक हेतू आहे. पण केवळ पोवाडा गाणे हा हेतू नाही. यशवंतरावांच्या चरित्रातून जो धडा मिळतो तो गोड नाही, म्हणूनच तो घेण्यासारखा आहे.

घराण्यातील अन्याय

होळकरांचे मूळ गाव नीरा नदीकाठचे होळ. तेथल्या एका धनगर कुटुंबातील मुलगा, मल्हारराव, स्वतःच्या भाल्याच्या बळावर माळव्याचा सुभेदार झाला. थोरल्या बाजीरावांच्या काळातील मराठी राज्याचे हे मोठेपण होते. तेथे माणसाचे कुळ नंतर पाहिले जाई, कर्तृत्व आधी पाहिले जाई. मल्हाररावांच्या सूनबाई, पुण्यश्लोक अहल्यादेवी, यांनी १७९५ पर्यंत माळव्याचा कारभार केला. सैन्य सांभाळत होते तुकोजीराव होळकर. १५ ऑगस्ट १७९७ रोजी तुकोजीरावांचे पुण्यात निधन झाले.

तुकोजीरावांना चार पुत्र होते. काशीराव आणि मल्हारराव हे विवाहसंबंधातून झालेले, तर विठोजी आणि यशवंतराव हे विवाहबाह्य संबंधातून झालेले. यशवंतरावांचा जन्म १७७६ मध्ये पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात, वाफगावी झाला. तेथे होळकरांचा भुईकोट आहे. जन्माचा हा डाग समाजाने त्यांच्या माथी मारला, तो त्यांच्या शत्रूंनी शेवटपर्यंत पुसू दिला नाही. पण लक्षात घ्या, गादीचा हक्क सांगायला यशवंतराव आरंभी उभे राहिलेच नव्हते. ते मल्हाररावांच्या बाजूचे होते, कारण काशीराव दुर्बळ होते आणि मल्हारराव शूर.

दौलतराव शिंद्यांनी काशीरावांची बाजू घेतली. दुर्बळ वारस शेजाऱ्याला सोयीचा असतो. १४ सप्टेंबर १७९७ रोजी पुण्यात मल्हाररावांच्या छावणीवर शिंद्यांच्या फौजेने अचानक हल्ला केला आणि मल्हारराव मारले गेले. त्यांची पत्नी तेव्हा गर्भवती होती. पुढे जन्मलेला मुलगा, खंडेराव, शिंद्यांच्या कबजात राहिला. हे सारे पेशव्यांच्या राजधानीत घडले. मराठी राज्याचा एक सरदार दुसऱ्या सरदाराच्या मुलाला राजधानीत ठार मारतो आणि राज्याचा प्रधान न्याय मागणाऱ्याला दारात उभे करत नाही, येथूनच पुढची सगळी विषवल्ली फोफावली.

यशवंतराव आणि विठोजी निसटले. यशवंतराव नागपूरला भोसल्यांच्या आश्रयास गेले, तर तेथे १७९८ मध्ये त्यांना कैदेत टाकण्यात आले. कारण उघड होते, शिंद्यांची आणि पेशव्यांची मर्जी राखायची होती. तुरुंगातून पळून ते खानदेशात आणि पुढे धारला आले. धारच्या आनंदराव पवारांनी त्यांना काही काळ आसरा दिला. सातपुड्यातील भिल्ल बांधव या पडत्या काळात त्यांच्या पाठीशी उभे राहिले. महालातल्यांनी दार लावले आणि रानातल्यांनी उघडले, हे शहापूर-मुरबाडच्या वनवासी पट्ट्यात बसलेल्या आपल्या सर्वांना विशेष सांगण्याजोगे आहे.

घोडदळ कसे उभे राहिले

यशवंतरावांपाशी त्या वेळी ना मुलूख होता, ना खजिना. होता तो एक घोडा, एक भाला आणि होळकर हे नाव. जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी पुढे त्यांच्याशी तह करणारा, म्हणजे शत्रुपक्षाचा माणूस. मध्य हिंदुस्थानावर लिहिताना तोही कबूल करतो की घोड्यावरची मांड आणि भाल्याची फेक यांत यशवंतरावांची बरोबरी करणारे फार थोडे होते. त्यांना मराठी उत्तम लिहिता येई, फारसी समजे आणि हिशेबात ते चपळ होते. बंदुकीच्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला, तरी त्यांची उमेद ढळली नाही. उलट आपल्या वैगुण्यावर विनोद करण्याचा दिलखुलासपणा त्यांच्यात होता.

त्यांच्या निशाणाखाली शिलेदार आले, बारगीर आले, पेंढारी आले, अमीरखान पठाणासारखे भाडोत्री सरदार आले. हेच अमीरखान पुढे १८१७ मध्ये इंग्रजांशी तह करून टोंकचे नबाब झाले. यशवंतरावांनी आपण मल्हाररावांच्या मुलाच्या, खंडेरावाच्या, नावाने लढत असल्याचे जाहीर केले. १७९९ पर्यंत महेश्वर त्यांच्या हाती आले. कवायती पलटणी आणि तोफखानाही त्यांनी उभा केला. युरोपीय अधिकारी चाकरीस ठेवले. पण त्यांचा खरा जीव घोडदळात होता.

घोडदळ म्हणजे काय, हे आज मोटारीच्या काळात नीट ध्यानात येत नाही. घोड्याला रोज चंदी लागते, वैरण लागते, पाणी लागते. वीस-पंचवीस हजार घोडी एका जागी आठवडाभर थांबली तर त्या मुलखात गवताची काडी उरत नाही. म्हणून घोडदळाच्या सेनापतीला सतत चालावे लागते. ज्याच्या मागे वसुली देणारा मुलूख आणि भरलेले कोठार असते, त्याचे घोडदळ हे शस्त्र असते. ज्याच्या मागे ते नसते, त्याचे घोडदळ लुटीवर जगते आणि ज्या रयतेसाठी लढायचे तिच्याच शेतात शिरते.

येथे शिवछत्रपतींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. चिपळूणजवळच्या छावणीतील आपल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळा निभेल अशा बेताने दाणावैरण वापरा, लागेल ते बाजारातून विकत घ्या, रयतेला तोशीस लावू नका, नाहीतर लोकांना मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटू लागाल, असा त्याचा आशय आहे. घोडदळ कसे चालवावे याचा हा आपल्या राज्यसंस्थापकाने घालून दिलेला आदर्श. यशवंतरावांच्या फौजेला हा आदर्श पाळता आला नाही. १८०१ च्या जुलैत त्यांनी उज्जैनीपाशी शिंद्यांच्या पलटणींचा पराभव करून त्या शहराकडून जबर खंडणी वसूल केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटून त्याचा सूड घेतला. महाकालाची नगरी मराठ्याने खंडणीने पिळली आणि अहल्यादेवींच्या राज्यातले शहर मराठ्यानेच लुटले. यात इंग्रजांना एक गोळीही झाडावी लागली नाही.

हडपसरचे रणांगण

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आणखी एक घटना घडली होती. विठोजी होळकर पेशव्यांच्या मुलखात दंगा करताना पकडले गेले. बंडखोराला शासन करणे राज्यकर्त्याला भागच असते. पण दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना पुण्यात, शनिवारवाड्यापुढे, हत्तीच्या पायी देऊन ठार मारवले. न्याय आणि सूड यांच्यामधली रेषा राज्यकर्ता ओलांडतो, तेव्हा त्याची किंमत केवळ तो एकटा देत नाही.

१८०२ मध्ये यशवंतराव दक्षिणेत उतरले. पेशव्यांकडे त्यांच्या मागण्या होत्या. खंडेरावाची सुटका व्हावी, होळकरांचा मुलूख परत मिळावा, शिंद्यांना आवर घालावा. या मागण्या अवाजवी नव्हत्या. पण पेशव्यांनी शिंद्यांच्या फौजेवर भिस्त ठेवली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसर आणि वानवडीच्या माळावर दोन्ही फौजा भिडल्या.

आरंभी शिंद्यांच्या तोफांनी आणि घोडदळाने होळकरांचे स्वार मागे रेटले. डाव हातचा जातो असे दिसताच यशवंतराव स्वतः पुढे झाले. पळणाऱ्या स्वारांना त्यांनी हाक घातली, त्यांना फिरवले आणि आग ओकणाऱ्या तोफांवर थेट घोडी घातली. गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले. शिंद्यांच्या पलटणींचा मोड झाला. नेपोलियनच्या कोणत्याही मार्शलला अभिमान वाटावा अशी ती दौड होती. पण बंधू-भगिनींनो, ती दौड मराठ्याने मराठ्यावर केली होती आणि संगमावरील आपल्या बंगल्यात इंग्रज रेसिडेंट कर्नल क्लोज त्या लढाईचा परिणाम काय होतो याची वाट पाहत बसला होता.

बाजीराव सिंहगड, रायगड, महाड, सुवर्णदुर्ग करत समुद्रमार्गाने वसईला पोचले. पुढचे आपण सुरुवातीलाच पाहिले. पुण्याच्या संरक्षणाच्या नावाखाली किमान सहा हजार इंग्रजी पायदळ कायमचे पोसायचे, त्यासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि परराज्यांशी व्यवहार इंग्रजांना विचारल्यावाचून करायचा नाही, असा तो तह. यशवंतरावांनी पुण्यात अमृतरावांना हाताशी धरून कारभार बसवण्याचा प्रयत्न केला. आरंभी शहराला त्यांनी चौक्या-पहारे बसवून अभय दिले, पण फौजेचा पगार थकला तसे तेच शहर जबर खंडणीने पिळले गेले. १८०३-०४ मध्ये दख्खनेत आणि खानदेशात भयंकर दुष्काळ पडला. त्यात पावसाइतकाच या स्वाऱ्यांचाही हात होता. विजयी सेनापतीच्या चरित्रातले हे पान आपण फाडून टाकू नये.

न आलेली कुमक

आता या चरित्रातील सर्वांत निर्णायक वर्षाकडे येऊ. १८०३ च्या एप्रिलमध्ये आर्थर वेल्स्ली पुण्यात आला आणि मे महिन्यात त्याने बाजीरावांना गादीवर आणून बसवले. वसईच्या तहाने मराठी राज्याचे स्वातंत्र्य गेले, हे शिंदे आणि भोसले या दोघांनाही कळून चुकले. दोघे एकत्र आले. यशवंतरावांनाही बोलावणी गेली. तिघे एक झाले असते तर काय झाले असते, याची कल्पना करा. शिंद्यांच्या तोफा आणि कवायती पलटणी, भोसल्यांचे मनुष्यबळ, आणि वेल्स्लीची रसद तोडायला यशवंतरावांचे चपळ घोडदळ!

यशवंतराव आले नाहीत. ते माळव्यात थांबले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, वेल्स्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला केला. त्याचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. तरीही मैदान इंग्रजांच्या हाती गेले. नोव्हेंबरात वऱ्हाडातील अडगाव, डिसेंबरात गाविलगड, आणि उत्तरेत दिल्ली व लासवाडी. वर्ष संपायच्या आत भोसले आणि शिंदे या दोघांनीही तह करून मुलूख तोडून दिला.

या वेल्स्लीला जग पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखू लागले. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या मैदानावर त्याची गाठ नेपोलियनशी पडली. त्या दिवशी नेपोलियनचा एक उमराव घराण्यातला सेनापती, मार्शल ग्रुशी, जन्मभर घोडदळात मुरलेला माणूस, तीस हजारांवर फौज घेऊन दूर वाव्र येथे अडकून पडला होता. तोफांचा आवाज ऐकू येत असूनही तो रणांगणावर पोचला नाही. उलट वेल्स्लीचा मित्र ब्ल्यूखर, दोनच दिवसांपूर्वी पराभूत होऊन घोड्याखाली चिरडला गेलेला म्हातारा, दिलेला शब्द पाळण्यासाठी चिखल तुडवत संध्याकाळी येऊन पोचला. जो आला त्याने वेल्स्लीला वाचवले आणि जो आला नाही त्याने नेपोलियनला घालवले. वॉटर्लूला ग्रुशी होता, असईला यशवंतराव होते.

परंतु दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. ग्रुशी न येण्याचे कारण त्याला मिळालेल्या आज्ञांमध्ये होते. यशवंतराव न येण्याचे कारण मनात होते. ज्याने आपल्या भावाला पुण्यात मारले त्या शिंद्याच्या बाजूला उभे राहून, ज्याने दुसऱ्या भावाला हत्तीच्या पायी दिले त्या पेशव्याच्या राज्यासाठी, ज्याने आपल्याला कैद केले त्या भोसल्याच्या खांद्याला खांदा लावून का लढावे, हा त्यांचा सवाल होता. बंधू-भगिनींनो, या सवालाला 'राष्ट्रासाठी' हे उत्तर आपण आज सहज देतो. ते उत्तर बरोबरच आहे. पण ते देण्यापूर्वी, त्या माणसाला आपल्या राज्याने न्याय दिला होता का, हेही विचारले पाहिजे.

मुकुंदऱ्यापासून बियासपर्यंत

शिंदे-भोसले पडल्यावर यशवंतरावांची पाळी आली. १६ एप्रिल १८०४ रोजी गव्हर्नर जनरल लॉर्ड वेल्स्लीने त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले. या युद्धात यशवंतरावांचे घोडदळी कर्तृत्व पूर्ण तेजाने प्रकटले. कर्नल मॉन्सन हा इंग्रज अधिकारी पलटणी घेऊन राजपुतान्यातील मुकुंदरा खिंडीपलीकडे आला. यशवंतरावांची फौज अंगावर येते असे पाहताच जुलैत त्याने माघार घेतली. पावसाळा सुरू झालेला, नद्यांना पूर, काळ्या मातीत तोफांची चाके रुतलेली. यशवंतरावांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळली आणि रोज पिछाडीवर, रोज बगलेवर घोडी घातली. मॉन्सनला तोफा खिळे ठोकून चिखलातच टाकाव्या लागल्या. कोटेवाल्याने त्याला आश्रय दिला नाही. ऑगस्टच्या अखेरीस त्याच्या सैन्याचे मोडके अवशेष आग्र्याला पोचले, तेव्हा इंग्रजी राज्याच्या अजिंक्यतेचा डंका सर्व उत्तर हिंदुस्थानात बंद पडला होता. नेपोलियनची मॉस्कोहून झालेली माघार जगाला ठाऊक आहे. ती याच्या आठ वर्षे नंतरची.

यशवंतरावांनी मथुरा घेतली आणि ऑक्टोबरात दिल्लीला वेढा घातला. पण दिल्ली पडली नाही. घोडदळ तट चढू शकत नाही. त्यातच पायदळ आणि तोफखाना एकीकडे, घोडदळ दुसरीकडे, अशी फाटाफूट झाली. १३ नोव्हेंबरला डीगपाशी पायदळाचा पराभव झाला. १७ नोव्हेंबरला पहाटे फर्रुखाबादेजवळ जनरल लेकच्या घोडदळाने यशवंतरावांची छावणीच गाठली. पाठलाग धरून लेकचे स्वार चोवीस तासांत सुमारे सत्तर मैल दौडले होते. जे अस्त्र मराठ्यांनी जगाला शिकवले, ते शत्रूने शिकून घेऊन आपल्यावरच उलटवले. शत्रूचा द्वेष करणे सोपे असते. त्याने आपल्याकडून काय घेतले आणि आपण त्याच्याकडून काय घेतले नाही, हे पाहणे कठीण असते.

भरतपूरचे जाट राजे रणजितसिंह मात्र या पडत्या वेळी यशवंतरावांच्या पाठीशी उभे राहिले. १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत लेकने भरतपूरच्या मातीच्या तटावर चार वेळा हल्ला केला आणि चारही वेळा तो परतवला गेला. तीन हजारांहून अधिक इंग्रजी सैनिक मेले वा जखमी झाले. एका जाट राजाने आश्रिताला दिलेला शब्द पाळला, तर साम्राज्याची फौज तटाखाली अडून राहते. मात्र एप्रिलमध्ये रणजितसिंहांनाही तह करावा लागला.

त्याच उन्हाळ्यात दौलतराव शिंदे आणि यशवंतराव अखेर एकत्र आले. भावाचा वध विसरून यशवंतरावांनी शिंद्यांचा हात धरला, हे त्यांच्या चरित्रातील खरे मोठेपण. पण वेळ टळून गेली होती. नोव्हेंबर १८०५ मध्ये शिंद्यांनी इंग्रजांशी स्वतंत्र तह करून टाकला. १८०३ मध्ये होळकर थांबले आणि शिंदे एकटे पडले, १८०५ मध्ये शिंदे थांबले आणि होळकर एकटे पडले. इंग्रजांचे युद्धशास्त्र त्यामानाने अगदी सोपे होते. त्यांना एका वेळी एकाशीच लढावे लागले.

यशवंतराव पंजाबात शिरले. अमृतसरला त्यांनी महाराजा रणजितसिंहांकडे साहाय्य मागितले. रणजितसिंहांनी आपले नवे राज्य पणाला लावण्याचे नाकारले. २ डिसेंबर १८०५ रोजी नेपोलियनने ऑस्टर्लित्झला दोन सम्राटांना धूळ चारली, आणि त्याच महिन्यात, २४ डिसेंबरला, बियासच्या काठी राजघाट येथे यशवंतरावांचा तह ठरला. तैनाती फौज त्यांनी स्वीकारली नाही. बहुतेक मुलूख परत मिळाला. एकट्याने लढूनही इंग्रजांना इतक्या अटींवर आणणारा दुसरा मराठी सरदार त्या काळात नाही. मॉन्सनची दैना, भरतपूरचे अपयश आणि युद्धाचा अवाढव्य खर्च यांमुळे लॉर्ड वेल्स्लीला त्यापूर्वीच परत बोलावण्यात आले होते.

भानपुऱ्याची भट्टी

तह झाला, पण यशवंतराव स्वस्थ बसले नाहीत. शिंदे, भोसले आणि राजपूत राजांना त्यांनी पत्रे धाडली. इंग्रजांविरुद्ध सर्वांनी एक व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. जो १८०३ मध्ये थांबला, तोच आता साऱ्यांना हाका मारीत फिरला! माळव्यात भानपुऱ्याला त्यांनी तोफा ओतण्याची भट्टी उभारली. भट्टीच्या धगीत ते स्वतः उभे राहत आणि ओतकामाला हात लावत. घोडदळाने लढाई जिंकता येते, युद्ध जिंकायला तोफा, पलटणी आणि शिस्त लागते, हे त्यांना डीग आणि दिल्लीने शिकवले होते.

पण शरीर आणि मन यांची मर्यादा आली. १८०८ मध्ये त्यांच्या बुद्धीला भ्रम झाला. २८ ऑक्टोबर १८११ रोजी, वयाची पस्तिशीही पूर्ण न होता, भानपुऱ्यास त्यांचा देहान्त झाला. तेथे त्यांची छत्री आहे. त्यांच्या पश्चात २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांची फौज हरली आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने जी तैनाती फौज त्यांनी नाकारली होती तीच होळकरांच्या दारात येऊन बसली. त्याच वर्षी पुण्याची पेशवाईही संपली.

आपण काय घ्यावे?

इंग्रज इतिहासकारांनी यशवंतरावांना लुटारू ठरवले. आपल्याकडे कुणी त्यांना वसईच्या तहाचे गुन्हेगार ठरवले, तर कुणी त्यांच्या चुका झाकून केवळ जयजयकार केला. ना. सं. इनामदारांनी 'झुंज' या कादंबरीत या माणसाला मराठी वाचकाच्या मनात पुन्हा उभे केले, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण कादंबरी वाचून झाल्यावर सरदेसाईंची 'मराठी रियासत'ही उघडावी. पराक्रम आणि प्रमाद दोन्ही एकाच वेळी पाहण्याची सवय समाजाला लागली पाहिजे.

आपण संघटनेचे कार्यकर्ते. ऐक्य हा आपला रोजचा शब्द. 'फूट नको' असे आपण सहज म्हणतो. परंतु यशवंतरावांचे चरित्र सांगते की ऐक्य केवळ आवाहनाने होत नाही. ज्या घरात अन्याय झालेल्याला न्याय मिळत नाही, त्या घराच्या संकटकाळी तो धावून येत नाही. आणि तो आला नाही म्हणून त्याला फितूर म्हणण्यापूर्वी, आपण त्याच्यासाठी कधी गेलो होतो का, हे विचारावे लागते. जन्माच्या डागावरून ज्याला दूर ठेवले, त्याच्याच घोडदळाची गरज राज्याला पडली. समरसता हा म्हणूनच भाषणापुरता विषय नाही, तो राष्ट्ररक्षणाचा पाया आहे. आपल्या गावात, आपल्या पाड्यांवर, आपल्या भावकीत आज कुणी असा दाराबाहेर उभा आहे का, हे प्रत्येकाने पाहावे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अन्याय झाला म्हणून राष्ट्राच्या संकटात तटस्थ राहण्याचा हक्क कुणाला मिळत नाही. यशवंतरावांना हे १८०५ मध्ये उमगले. १८०३ मध्ये उमगले असते तर इतिहास निराळा झाला असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण इंग्रजांना तिघांशी एकदम लढावे लागले असते, एवढे निश्चित. शहाणपण आले, ते दोन वर्षे उशिरा आले. राष्ट्राच्या आयुष्यात दोन वर्षे म्हणजे कधीकधी दीड शतकाचे पारतंत्र्य असते.

न्याय देणाऱ्याने वेळेवर द्यावा आणि दुखावलेल्याने वेळेवर यावे. या दोन गोष्टी ज्या समाजाला साधतात त्याला जिंकणे कोणत्याही वेल्स्लीला शक्य होत नाही. भानपुऱ्याच्या भट्टीपाशी धगीत उभ्या राहिलेल्या त्या एकाक्ष, एकाकी सेनापतीला यापेक्षा निराळी मानवंदना देता येईल असे मला वाटत नाही.

 भारत माता की जय!